‘वाचलं, समजलं’ म्हणून केलेली सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : हे वाचक खानापूर तालुक्यातले, वय 34. बल्क कॅरियरवर, म्हणजे कोळसा-धान्य-खनिज असा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर आहेत. सहा महिने समुद्रावर, चार महिने घरी. गेल्या ऑक्टोबरात पूर्व आशियातल्या एका बंदरात पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे बंदरात आलेली परदेशी जहाजं तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, इन्स्पेक्टर जहाजावर आला. बॅलास्ट पाण्याची, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत घेतात त्या पाण्याची, नोंदवही जुन्या नमुन्यातली निघाली. नवा नमुना 1 फेब्रुवारी 2025 पासून लागू झाला होता. जहाजाच्या नावावर डेफिशियन्सी, म्हणजे त्रुटीचा शेरा, लागली, कॅप्टन सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले आणि ऑफिसातून ईमेल आला की चीफ ऑफिसरला हे माहीत कसं नव्हतं. मास्टरच्या, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या, परीक्षेला लागणारा सीटाइम, समुद्रावरची नोकरी, पुरा झालाय. मेव्हण्याची बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे, तो भागीदारीत ये म्हणतोय. वाचक लिहितात : “घरी चार महिने राहून परत गेलो की काहीतरी नवीनच आलेलं असतं. माझ्याहून आठ वर्षांनी लहान सेकंड ऑफिसर मोबाइलवर दोन मिनिटांत नियम काढून दाखवतो, मी पानं उलटत बसतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, त्या सर्क्युलरांचं इंग्रजी डोक्यात शिरत नाही. खरं सांगायचं तर बऱ्याचदा न वाचताच ‘वाचलं, समजलं’ म्हणून सही करतो. मी मागं पडलोय. कॅप्टन होऊन आणखी जबाबदारी अंगावर घ्यायची, की समुद्राला रामराम करून फौंड्रीत बसायचं?”

नमस्कार.

आधी त्या वहीचं बोलू, कारण तुमची झोप तिनं घालवली आहे.

तुम्ही जूनमध्ये जहाजावर चढलात असं लिहिलंय. नमुना बदलला फेब्रुवारीत. म्हणजे तुमच्या आधी चार महिने दुसरा कोणीतरी चीफ ऑफिसर त्याच जुन्या वहीत इमानेइतबारे लिहीत होता. त्या वहीत प्रत्येक नोंदीखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याची सही असते आणि पान भरलं की कॅप्टनची. म्हणजे सगळ्यांसमोर तुम्हाला बोललेल्या त्या कॅप्टनसाहेबांची सही तुमच्या सहीखालीच आहे. मधल्या काळात ऑफिसातला सुपरिटेंडंट एकदा तरी जहाजावर येऊन गेलाच असेल, त्यानंही ती वही चाळली असेल. इतके डोळे त्या कागदावरून फिरले आणि आंधळा ठरलात तुम्ही एकटे. हे गणित मला काही पटत नाही.

जहाजाच्या कारभारासाठी जो आयएसएम कोड आहे, त्यात कागदपत्रांचं एक आख्खं कलम आहे. चालू, वैध कागद लागेल त्या जागी उपलब्ध हवेत आणि रद्द झालेले कागद तिथून ताबडतोब काढून टाकलेले हवेत, ही व्यवस्था कंपनीनं ठेवायची. चीफ ऑफिसरनं रात्री जागून इंटरनेटवर शोधायचं, असं त्यात कुठंही नाही. हा कोड आला कुठून तेही ऐका. 1987 साली बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट पुढचा दरवाजा उघडाच राहिल्यानं उलटली आणि 193 माणसं गेली. दरवाजा लावायचं काम ज्याच्याकडे होतं तो केबिनमध्ये झोपलेला होता. त्याच्या माथी खापर फोडून प्रकरण मिटवणं सोपं होतं. पण चौकशीत दोष त्याच्यापाशी थांबला नाही, कंपनीच्या थेट वरच्या खुर्चीपर्यंत गेला. दरवाजा लागला की नाही हे वर ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथं, कळायची सोयच केलेली नव्हती. त्या धड्यातून हा कोड निघाला आणि 1 जुलै 1998 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. तेव्हा ‘माहीत कसं नव्हतं’ हा प्रश्न ऑफिसनं तुम्हाला विचारण्याआधी स्वतःला विचारायचा, असं खुद्द नियमच सांगतो.

एवढं बोलून तुम्हाला मोकळं सोडलं असतं, पण मीही वीस-बावीस वर्षं कॅप्टनच्या खुर्चीत काढली आहेत. तुमचा वाटाही त्यात आहे, भले लहान असेल. बंदरात येणारी जहाजं मिळून तपासण्यासाठीचे जे पॅरिस आणि टोकियो करार आहेत, त्या दोन्हींतले देश दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर एक विषय धरून खास तपासणी मोहीम काढतात. विषय आधी जाहीर होतो, प्रश्नावलीसुद्धा आधी मिळते. 2025 चा विषय होता बॅलास्ट पाण्याचं व्यवस्थापन. म्हणजे पेपर फुटलेला होता हो! ऑक्टोबरात त्या भागातल्या बंदरात जाणाऱ्या चीफ ऑफिसरनं, ज्याच्या हाताखाली बॅलास्ट आहे त्यानं, ती प्रश्नावली एकदा समोर ठेवून वही तपासली असती तर अर्ध्या तासात उलगडा झाला असता. ऑफिसनं ती पाठवायला हवी होती, हे खरंच. पण तुम्हीही मागितली नाहीत.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत. नियम अचानक बदलतात, पाठ वळली की बदलतात, असं तुम्हाला वाटतं. तुम्हीच नाही, कारवारकडच्या एका इंजिनियर वाचकाचंही मागं असंच पत्र होतं. प्रत्यक्षात लंडनला, आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत, नियम शिजतो तो फार मंद आचेवर. तिथल्या दोन समित्या आपल्या कामाच्या, एक सागरी सुरक्षेची आणि एक सागरी पर्यावरणाची. मसुदा आधी मान्य होतो, मग पुढच्या एखाद्या बैठकीत रीतसर स्वीकारला जातो, आणि मग लागू होण्याची तारीख पडते. ठरलेल्या मुदतीत पुरेशा देशांनी हरकत घेतली नाही, तर दुरुस्ती आपोआप अमलात येते. पण स्वीकारल्यापासून लागू होईपर्यंत सुरक्षेच्या सोलास करारात कमीत कमी दीड वर्ष आणि प्रदूषणाच्या मारपोल करारात कमीत कमी सोळा महिने जातातच. तुमच्या वहीचा नमुना जुलै 2023 मध्ये स्वीकारला गेला होता. लागू झाला फेब्रुवारी 2025 मध्ये. एकोणीस महिने! तेवढ्यात तुम्ही दोनदा घरी येऊन गेलात, एक शिवजयंतीची मिरवणूक आणि एक गणपती इथं बघून गेलात. रात्रीत बदललं असं म्हणायला जागाच नाही. रात्रीत बदलतात ते एखाद्या बंदराचे स्थानिक हुकूम. ते बंदराचा एजंट कळवतो, आणि ते जहाज तिथं पोचण्याआधी कळले तरी पुरतं.

मान्य झालेला, स्वीकारलेला आणि लागू झालेला, या तीन अवस्था डोक्यात वेगळ्या ठेवल्यात तर निम्मी धाकधूक तिथंच उतरेल. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपांना त्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये नेट-झिरोचा आराखडा, म्हणजे जहाजांच्या कार्बनवर किंमत लावण्याचा मसुदा, नुसता मान्य झाला आणि जहाजवाल्यांच्या ग्रुपांवर ‘आता कार्बन टॅक्स सुरू’ म्हणून गहजब झाला. माझ्या जुन्या ग्रुपवर तर एकानं त्याचं गणितसुद्धा मांडून टाकलं. ऑक्टोबरात तो स्वीकारायचा होता, त्याच बैठकीत मतदान होऊन विषय एक वर्षासाठी पुढं ढकलला गेला. उद्या तो होईल, न होईल, कसाही होईल. आज चीफ ऑफिसर म्हणून त्यात तुमच्या हातानं करायचं काही नाही. पेपरात वाचतो तसं वाचा आणि सोडून द्या.

राहिलं लागू झालेल्या नियमांचं. तेही सगळे तुमच्यासाठी नाहीत. युरोपातली उत्सर्जन-व्यापाराची योजना 2024 पासून जहाजांना लागली, त्यांचा इंधनाचा नवा नियम 2025 पासून. भूमध्य समुद्रात 1 मे 2025 पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा 0.10 टक्क्यांवर आली. तुमचं जहाज इंडोनेशियाचा कोळसा आणि ऑस्ट्रेलियाचं खनिज वाहतं. यातलं एकही ओझं सध्या तुमच्या डोक्यावर नाही. जहाज युरोपला जायचं ठरलं तर भाडेकरार झाल्या दिवशी कळेल, आणि तेव्हा वाचायला वेळ असेल.

मग वाचायचं काय आणि कसं? एक उदाहरण हातात घेऊन बघू, दोराचंच घेऊ, तुमच्या खात्यातलं आहे. जहाज धक्क्याला बांधायच्या दोरांवरचा सोलासचा नियम 1 जानेवारी 2024 पासून बदलला. वाचायला बसलं की पहिल्या पानावरच घाम फुटतो : बांधणीची रचना कशी, विंचवरच्या दोराचा कोन कसा, दोराची ताकद किती. पण मजकुरात कुठलं कलम कुठल्या तारखेपासूनच्या जहाजांना लागतं तेवढं आधी शोधा. रचनेची नवी कलमं 2024 च्या आधी बांधलेल्या जहाजांना लागत नाहीत. तुमचं जहाज 2012 चं. म्हणजे ती पानं बाजूला. उरतं काय, तर दोरांची तपासणी आणि देखभाल. तिथं मात्र बांधणीची तारीख नाही, ते सगळ्या जहाजांना, जुन्या-नव्या, सारखंच. आता हे कागदावरून उचलून फोक्सलवर, जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर, न्या. बोसनला, आपली रत्नागिरीकडची माणसं ज्याला सारंग म्हणतात त्याला, सोबत घ्या. प्रत्येक दोराला नंबर आहे का, त्या नंबराचं सर्टिफिकेट फाइलीत आहे का, कधी चढवला, कधी उलटा करून लावला, कुठं घासलाय, बदलायचा कधी हे कुठं लिहिलंय का. एवढं झालं की तो नियम तुम्हाला येतो. कलमाचा नंबर विसरलात तरी चालेल. इन्स्पेक्टर दोराकडे बोट दाखवतो, कलमाकडे नाही.

दुसरं उदाहरण फोमचं, कारण त्यात तारखेची वेगळी गंमत आहे. पीएफओएस नावाचं रसायन असलेला आग विझवायचा फोम आता जहाजावर ठेवता येत नाही. नव्या जहाजांना हे 1 जानेवारी 2026 पासून. जुन्यांना मात्र त्या तारखेनंतरच्या पहिल्या सर्व्हेपर्यंत मुदत. म्हणजे तुम्हाला बघायची ती 1 जानेवारी नाही, तुमच्या जहाजाच्या पुढच्या सर्व्हेची तारीख. सर्व्हे एप्रिलमध्ये असेल आणि थर्ड ऑफिसरनं अजून फोमच्या कॅनवरचा उत्पादकाचा कागद शोधलेला नसेल, तर आजच उशीर झालाय. सर्व्हे नोव्हेंबरात असेल तर सावकाश, पण कागद मात्र आत्ताच मागवून ठेवायचा, कारण जुन्या फोमच्या कंपन्या ईमेलांना लवकर उत्तर देत नाहीत. निघालेला फोम समुद्रात ओतायचा नाही, बंदरावर उतरवायचा, हे वेगळं सांगायला नको.

झेंड्याचीही, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलंय त्याच्या नियमांचीही, एक भानगड असते, तुम्ही त्यावर दोन पानं लिहिली आहेत. पनामाचं सर्क्युलर एक सांगतं, आधीचं जहाज लायबेरियाचं होतं तिथं नमुना वेगळा होता. अहो, कागलात ज्याला सातबारा म्हणतात त्याला निपाणीत आरटीसी म्हणतात. कागद वेगळा, कचेरी वेगळी, भाषा वेगळी. जमीन काही हलत नाही. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. नव्या जहाजावर चढलात की पहिल्या आठवड्यात त्या झेंड्याच्या सर्क्युलरांची यादी काढा आणि नुसते मथळे वाचा. त्यातली सात-आठच डेकच्या कामाची निघतील.

आता भाषेचं. मराठी शाळेत शिकल्याची खंत तुमच्या पत्रात तीनदा आलीय. मी स्वतः बेळगावच्या मराठी शाळेतला. पहिल्या जहाजावर ब्रिटिश कॅप्टन होता, तो काय बोलला हे मला पहिले पंधरा दिवस सुकाण्यावरचा खलाशी हिंदीत सांगायचा. त्यामुळं हे दुखणं मला ठाऊक आहे. पण या सर्क्युलरांचं इंग्रजी म्हणजे साहेबाचं घरगुती बोलणं नव्हे, वकिली आहे. ते इंग्रजी शाळेतल्यालाही शिरत नाही. तो फक्त तोंडावर तसं दाखवत नाही, एवढाच फरक. शिवाय या वकिली भाषेचे शब्द मोजके आहेत आणि ते ठरलेल्या अर्थानंच येतात. ‘शॅल’ दिसलं की सक्ती. ‘शुड’ दिसलं की शिफारस. या दोन शब्दांखाली वेगवेगळ्या रंगाच्या रेघा मारल्या तरी पानाचा कणा वर येतो. मग तारखेभोवती गोल करा, जहाजाच्या आकाराच्या आकड्याभोवती गोल करा. इतकं करून शंभरपानी वहीत त्या नियमाच्या चार ओळी मराठीत लिहा : कुणी, काय, कधीपर्यंत, कुठं नोंद. बोलतो तशा मराठीत. ‘सारंगानं महिन्याला दोर बघायचा, मी सही करायची, नोंद देखभालीच्या कॉम्प्युटरवर’ अशा. या चार ओळी लिहिता येईनात, तर समजा तो नियम तुम्हाला अजून कळलेला नाही, इंग्रजी कितीही फाडफाड येवो. त्या सेकंड ऑफिसरला एकदा प्रेमानं विचारून बघा, मोबाइलवर काढलेला नियम आपल्या जहाजावर नेमकं कुणी करायचा. बहुतेक वेळा तो परत मोबाइलमध्ये बघेल. हसू नका त्याला, त्यालाही ही वही दाखवा. त्याचा शोधायचा वेग आणि तुमची डेकची जाण, दोन्ही एकाच जहाजावर आहेत, मग वापरा की!

मागं पडणं म्हणजे काय, ते मी एकदा जवळून पाहिलंय. आमच्या वेळी प्रत्येक जहाजावर रेडिओ ऑफिसर असायचा, खलाशी त्याला मार्कोनीसाहेब म्हणत. मोर्सची कटकट रात्रभर त्याच्या केबिनमधून ऐकू यायची. 1 फेब्रुवारी 1999 ला जीएमडीएसएस ही संकटसंदेशांची नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली, उपग्रहाचे फोन आले, आणि ते पदच जहाजावरून उठलं. माझ्या एका जहाजावरचा मार्कोनीसाहेब उतरताना आपली मोर्सची की फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. पुढं त्यानं इलेक्ट्रॉनिक्सचं काम शिकून दुसऱ्या वाटेनं संसार केला, चांगला केला. पण नियमानं माणूस मागं पडतो तो असा, हातातलं कामच नाहीसं होतं. चीफ ऑफिसरच्या कामावर तसं काही आलेलं नाही, उलट दर नव्या नियमानं ते वाढतच चाललंय. तुमचं दुखणं वेगळं आहे.

आणि ते तुम्ही स्वतःच, जाता जाता, एका ओळीत लिहून टाकलंय. न वाचता केलेली सही.

पत्र पुन्हा वाचताना माझं बोट तिथंच अडकलं. मला वाटतं झोप त्या डेफिशियन्सीनं उडवलेली नाही. डेफिशियन्सी सगळ्या जहाजांना लागतात, दुरुस्त करून पुढं जातात. इन्स्पेक्टरनं ‘हे सर्क्युलर जहाजावर आलं होतं का’ म्हणून फाइल उघडली असेल आणि त्या पानावर तुमची सही निघेल की काय, या विचारानं तुमच्या पोटात गोळा आला असेल. आला असणार, कारण अशी सही मीही केलेली आहे. 1998 च्या पावसाळ्यात आयएसएमच्या फायली एकगठ्ठा जहाजावर आल्या, चौदा जाडजूड बाडं, सोबत एक सह्यांचा कागद. दुसऱ्या दिवशी ऑडिट होतं. मी रात्री साडेदहाला सही ठोकली आणि झोपलो. ऑडिट पास झालं. पुढं तीन महिन्यांनी बंद टाकीत उतरायच्या परवान्यावरून एका खलाशाला मी चुकीचं सांगितलं. बरोबर काय ते त्याच बाडात होतं. खलाशी बचावला तो नशिबानं, दुसऱ्यानं वेळेवर हाक मारली म्हणून. त्याचं नाव आजही आठवतं, कुठल्या बाडात ते लिहिलं होतं तेही आठवतं.

म्हणून माझा आग्रह एवढा एकच आहे : ती सही थांबवा. हे बोलायला सोपं, करायला अवघड, मला माहीत आहे. सह्यांचा कागद फिरतो तेव्हा चार पुढच्यांनी केलेली असते, तुमच्यामुळं अडलं असं दिसतं. पण सहीच्या रकान्यात ‘मिळालं’ आणि तारीख लिहायला कोणाची बंदी नाही. वाचून झालं की दुसरी तारीख. कॅप्टननं विचारलं तर सरळ सांगायचं, रविवारपर्यंत वाचतो. वेळ मिळत नसेल तर तेही उघडं करा. 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती हाही नियमच आहे, आणि माल भरण्याच्या बंदरात चीफ ऑफिसरच्या विश्रांतीच्या नोंदी कशा ‘जुळवल्या’ जातात हे आपण दोघंही जाणतो. सर्क्युलर वाचायला वेळ नाही आणि विश्रांतीच्या कागदावर मात्र सगळे तास पुरे! हे दोन कागद शेजारी ठेवून डीपीएला, म्हणजे त्याच आयएसएमनं किनाऱ्यावर नेमायला लावलेल्या माणसाला, एक शांत ईमेल लिहिता येतो. तक्रारीच्या सुरात लिहू नका. ‘अमुक सर्क्युलर अमुक तारखेला मिळालं, आमच्या जहाजाला नेमकं काय लागू आहे ते एका पानात कळवावं’ एवढंच. चांगली कंपनी असेल तर उत्तर येईल आणि पुढच्या वेळी ते एक पान न मागता येईल. वाईट असेल तर तुमच्यापाशी ईमेलची प्रत राहील, आणि ही कंपनी सोडायची की नाही हेही कळेल. समुद्र सोडणं आणि कंपनी सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या पत्रात त्या एक झाल्या आहेत.

फौंड्रीचं मी फार बोलणार नाही, मेव्हण्याच्या धंद्यात तिऱ्हाइतानं पडू नये. एवढंच विचारतो : नियमांपासून सुटका म्हणून जात असाल तर उद्यमबागेत एकदा सकाळी जाऊन या. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, जीएसटीचे रिटर्न, ऑडिटला येणारे बाहेरगावचे गिऱ्हाईक, बॉयलर-क्रेनची तपासणी. तिथं ‘वाचलं, समजलं’ची सही मालक म्हणून तुमची, आणि वर सांगायला कॅप्टनही नाही. ओतकाम आवडतं, मुलांजवळ राहायचंय, वडील थकलेत, यातलं काही कारण असेल तर ते खरं कारण आहे, आणि मग मी तुम्हाला अडवणार नाही. पण ते पत्रात कुठं दिसलं नाही.

मास्टरची परीक्षा मात्र द्याच. पुढं कॅप्टन होणार नसलात तरी द्या. त्याची दोन कारणं. तोंडी परीक्षेला बसलेले सर्व्हेअर अलीकडे काय काय बदललं हे हमखास विचारतात, त्यामुळं त्या अभ्यासात गेल्या पाच वर्षांचं साचलेलं एकदम निपटेल. शिवाय आपला 1958 चा मर्चंट शिपिंग कायदा जाऊन संसदेनं 2025 मध्ये नवा केलाय, तोही ओघानं वाचून होईल. आणि दुसरं, किनाऱ्यावरची जी कामं आहेत, सुपरिटेंडंट, डीपीए, क्लासचा, म्हणजे जहाजांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेअर, तपासणीस, तिथं चीफ ऑफिसरला विचारतात आणि मास्टरला बोलावतात. तुमच्यासारखा, एका वहीपायी झोप उडालेला माणूस डीपीएच्या खुर्चीत बसला तर कितीतरी जहाजांचं भलं होईल, असं मला मनापासून वाटतं. निर्णय परीक्षेनंतर घ्या. सुट्टीच्या पहिल्या महिन्यात तर मुळीच नको. तेव्हा डोकं अजून जहाजाच्या घड्याळावर चालत असतं.

सुट्टीवरून आठवलं. तुमच्या बायकोचं वाक्य तुम्ही लिहिलंय, ‘घरी असून तुम्ही घरी नसता.’ दिवसभर मोबाइलवर सर्क्युलरं वाचल्यानं तुम्ही पुढं जात नाही आहात, फक्त घाबरत आहात. चार महिन्यांत दोन दिवस पुरतात. एक दिवस परत जायच्या आधीच्या आठवड्यात : क्लास संस्था प्रत्येक बैठकीनंतर सोप्या भाषेत फुकट सारांश काढतात, तो वाचा, आणि येत्या 1 जानेवारी नि 1 जुलैला काय लागू होतंय ते वहीत लिहा, सोलासच्या बहुतेक तारखा याच असतात. दुसरा दिवस रिफ्रेशर कोर्सांची मुदत बघण्यासाठी, म्हणजे ऐन वेळी रात्रीची बस धरून मुंबई गाठावी लागणार नाही. बाकीचे दिवस मुलांना घेऊन चोर्ला घाट उतरा, समुद्र त्यांनाही बघू दे. परतताना लोंढ्याच्या बाजूनं या. मुरगावहून वर चढणारी कोळशाची मालगाडी फाटकात अडवेल, तेव्हा मुलांना सांगा की असला कोळसा बाबा आणतो.

हेच सगळं जहाजावर न जाणाऱ्या वाचकांनाही थोड्याफार फरकानं लागू पडेल. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टनं, फौंड्रीतल्या क्वालिटीच्या मुलानं, बँकेतल्या केवायसीवाल्यानं आपल्यासमोरचा सह्यांचा कागद आठवून बघावा.

आणि ती जुनी वही. ती रागानं फेकून दिली नसेल अशी आशा आहे, कारण शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षं ती जहाजावर ठेवावी लागते आणि मग आणखी तीन वर्षं कंपनीकडे. पुन्हा त्याच जहाजावर गेलात तर कपाटातून काढा. फेब्रुवारीचं पान उघडा, आणि तिथून ऑक्टोबरपर्यंत, तुमची सही येण्याआधी आणि तुमच्या सहीखाली, एकूण किती सह्या आहेत त्या मोजून मला कळवा.